दोन सुरांमधला सांधा

साथीच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याच्या कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुड्या) टाइप केल्या, शैली निवडली, प्ले दाबलं, आणि पलीकडच्या खोलीत चार माणसं वाजवायला बसली असावीत अशी साथ सुरू झाली. गिटारच्या तारेवरून बोट घसरल्याची किरकिरसुद्धा ऐकू येते. मग तेच गाणं ‘सेव्ह ॲज मिडी’ करून दुसऱ्या कुणाला पाठवलं जातं आणि थोड्या वेळात विचारणा येते: गिटार कुठे गेली? आणि पियानो असा खेळण्यातला का वाजतोय? फाइल बिघडलेली नसते. पाठवणाऱ्याने निरोप पाठवलेला असतो, आणि आपण आवाज पाठवला अशी त्याची समजूत असते.

मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना काय वाजवायचं ते सांगायची आकड्यांची भाषा, आणि तिच्यातला निरोप जवळून पाहण्यासारखा आहे. १४४, ६०, १००. हे तीन आकडे म्हणजे एक अख्खा मिडी संदेश. १४४ म्हणजे ‘पहिल्या चॅनलवर सूर धर’, ६० म्हणजे पियानोच्या मधोमध असलेला सी, आणि १०० म्हणजे पट्टी किती वेगाने खाली गेली, म्हणजेच जोर किती, ते. हा शेवटचा आकडा १ ते १२७ मध्ये कुठेही असू शकतो. सूर सोडायची वेळ झाली की १२८, ६०, ० असा दुसरा निरोप जातो. मधल्या काळात सूर दोन सेकंद टिको की वीस, तारेतून त्याच्याबद्दल चकार शब्द जात नाही. सूर कसा विरला, तार कशी थरथरली, हे सगळं वाजवणाऱ्या यंत्राने स्वतःच्या पदरचं घालायचं असतं.

१९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रोफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ असे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकाच तारेने जोडून दाखवले गेले, तेव्हापासून ही भाषा रूढ झाली. तारेचा वेग ठरला सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला पुढचा-मागचा बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे तीन बाइटचा निरोप पोचायला जवळजवळ एक मिलिसेकंद. दहा बोटांनी एकदम कॉर्ड दाबली तर त्या जुन्या तारेवर शेवटचा सूर पहिल्याच्या सहा ते नऊ मिलिसेकंद मागून पोचतो. यूएसबीने तारेची ही अडचण संपवली, बोली मात्र तीच राहिली. २०२० मध्ये मिडी २.० आलं, त्यात जोराच्या १२८ पायऱ्यांच्या जागी ६५,५३६ पायऱ्या झाल्या. पण साथीच्या सॉफ्टवेअरचा रोजचा संसार अजून पहिल्याच मिडीवर चालतो.

ध्वनिमुद्रणाचा स्वभाव याच्या बरोबर उलट. ते सेकंदाला ४४,१०० वेळा हवेचा दाब मोजून लिहून ठेवतं, डाव्या-उजव्या बाजूंसाठी वेगवेगळा. सोळा बिटच्या स्टीरिओचा एक मिनिट साडेदहा मेगाबाइटचा भरतो. चार मिनिटांच्या गाण्याचे पाच ट्रॅक म्हटले की दोनशेच्या वर मेगाबाइट, आणि त्याच गाण्याची मिडी फाइल सहसा शंभर किलोबाइटसुद्धा भरत नाही. एवढं सगळं लिहून ठेवणाऱ्या ध्वनिमुद्रणाला ‘सा’ कोणता ते ठाऊक नसतं. कॉर्ड कुठे बदलली, सम कुठे आली, वाजतं ते बासरी की बास, याचा त्याला पत्ता नसतो. मिडीला सूर माहीत असतो, आवाज नाही. मुद्रणाला आवाज माहीत असतो, सूर नाही.

‘मिडीचा आवाज’ असं सर्रास म्हटलं जातं आणि त्याचा अर्थ पिचका, जुन्या मोबाइलच्या रिंगटोनसारखा आवाज असा धरला जातो. वस्तुतः मिडीला आवाजच नसतो. पिचका असतो तो निरोप घेणारा. १९९१ च्या जनरल मिडीने १२८ वाद्यांची यादी ठरवली: २५ म्हणजे नायलॉनच्या तारांची गिटार, २६ म्हणजे स्टीलच्या तारांची, १०५ म्हणजे सतार. यादीत नुसती नावं आहेत. सतार कुणी वाजवलेली, कशी मुद्रित केलेली, याबद्दल यादी गप्प आहे. शिवाय तारेतून आकडे ० पासून जातात आणि छापील यादी १ पासून मोजते, त्यामुळे ० पासून मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १०५ टाकलं की सतारीऐवजी बँजो वाजतो. विंडोजमध्ये आधीपासून असलेला वेव्हटेबल सिंथ, मोफत मिळणारी साउंडफॉण्ट (वाद्यांच्या मुद्रणांचा संच) फाइल आणि काही गिगाबाइटची पियानो लायब्ररी या तिघांना एकच मिडी फाइल देऊन पाहा. ही एकच फाइल आहे यावर कान विश्वास ठेवत नाही.

निरोप आणि मुद्रण या दोन वाटा संगणकाच्या कितीतरी आधीच्या आहेत. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्याने आवाजाची नक्षी मेणावर उतरवायची वाट दाखवली असं सांगितलं जातं, पण पहिल्या यंत्रात मेण नव्हतं, कथलाचा पत्रा होता. दुसरी वाट भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीवर चालणाऱ्या पियानोची. १९०४ च्या वेल्टे-मिन्योन पियानोने तर वादकाचा जोर आणि पेडलसुद्धा गुंडाळीतून परत वाजवून दाखवलं. त्या गुंडाळीत पियानोचा आवाज कणभरही नव्हता. गुंडाळी तशीच ठेवून पियानो बदलला की मैफल बदलली.

इथपर्यंत मामला सरळ आहे. निरोप एकीकडे, आवाज दुसरीकडे. पण आजच्या कुठल्याही बऱ्या मिडी पियानोच्या आत डोकावलं की ही भिंत ढासळते, कारण आत मुद्रणच असतं. कुणीतरी खरा पियानो समोर ठेवून एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी वाजवून मुद्रित केलेली असते, आणि ६० चा निरोप आला की ६० चं मुद्रण सुरू होतं. म्हणजे मिडी वाजतानाही कानावर येतं ते मुद्रणच. मग खरा फरक राहतो तो तुकड्याच्या आकाराचा. मिडीच्या लायब्ररीत तुकडा एका सुराचा. साथीच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘खऱ्या’ ट्रॅकमध्ये तुकडा अर्ध्या बारपासून (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचं एक आवर्तन) चार-आठ बारपर्यंतचा. आणि करावकेच्या तयार ट्रॅकमध्ये तुकडा एकच, गाण्याएवढा.

तुकडे जोडायचे म्हटलं की सांधे आले. तुकडा लहान तितके सांधे जास्त, आणि सांधे जास्त तितकी वाट्टेल तशी फेरजुळणी करण्याची मोकळीक जास्त. मिडी चांगलं की ऑडिओ, हा वाद मला त्यामुळे फारसा कामाचा वाटत नाही. सांधा कुठे पडतो आणि आपल्या वाद्याचा जीव नेमका तिथेच आहे का, एवढं पाहिलं तरी बरंचसं कोडं उलगडतं.

पियानोचा जीव बराचसा सुराच्या आत असतो. हातोडी तारेवर आपटली की पुढे वादकाच्या हातात फार काही उरत नाही, पट्टी सोडणं आणि पेडल एवढंच. त्यामुळे एकेका सुराचे तुकडे जोडून केलेला पियानो चांगल्या लायब्ररीत खऱ्याच्या फार जवळ जातो. ड्रमचंही तसंच. गिटार, सॅक्सोफोन, सारंगी, बासरी यांचा जीव मात्र दोन सुरांच्या मधे असतो: एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना बोट कसं घसरलं, श्वास कुठे तुटला, जिभेने सूर कापला की नुसताच वळवला. मिडीचा सांधा नेमका तिथेच येतो. साथीच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी पियानो आणि ऑडिओ गिटार ही जोडी सहसा छान जमते आणि उलटी जोडी विजोड वाटते, याचं कारण हेच.

लायब्ररी करणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. म्हणून काही लायब्रऱ्यांमध्ये सांधासुद्धा मुद्रित केलेला असतो. व्हायोलिनवादकाकडून प्रत्येक सुरावरून वरच्या बारा आणि खालच्या बारा सुरांवर जाणं वाजवून घेतात, आणि दोन निरोप एकमेकांवर किंचित चढले की मधला जोडतुकडा वाजतो. इथे सुरांच्या टोकांची लांबी महत्त्वाची. पहिला सूर सोडायचा निरोप दुसरा सूर सुरू व्हायच्या आधी गेला तर सॉफ्टवेअर म्हणतं, वादकाने गज उचलला. मग जोडतुकडा नाही, नवा आघात. सगळे सूर लयीच्या रेघांवर चोख बसवून टाकणाऱ्या क्वांटाइझने लांबीही छाटली असेल, तर हजारो तुकड्यांची लायब्ररी पेटीसारखी वाजते.

मिडी गिटारचं हसं होतं ते बहुतेक वेळा झंकारण्यात. सहा सूर एकाच क्षणी सुरू झाले की ती गिटार राहत नाही. खाली जाणाऱ्या हाताला जाड तार आधी लागते, बारीक शेवटी. शेजारच्या दोन तारांमध्ये दहा-पंधरा मिलिसेकंदांचं अंतर ठेवलं, वर येणाऱ्या हाताला क्रम उलटा केला आणि त्यात वरच्या तीन-चारच तारा घेतल्या, तर त्याच पिचक्या आवाजातसुद्धा हात दिसायला लागतो. एका ठोक्याला ४८० टिक धरणारी फाइल असेल तर १२० च्या लयीत (मिनिटाला १२० ठोके) एक टिक सुमारे एक मिलिसेकंदाचा होतो, म्हणजे तारांमध्ये दहा ते चौदा टिक. जुन्या ९६ टिकच्या फाइलमध्ये एक टिक पाच मिलिसेकंदांचा, तिथे दोन किंवा तीन टिकांवर भागवावं लागतं. कॉर्डचे सूरही गिटारवर सापडतील असे हवेत. पियानोवादकाने दाबलेली चिकटून-चिकटून असलेली कॉर्ड गिटारच्या आवाजात वाजवली तर कान लगेच पकडतो.

एकच सूर लागोपाठ वाजला की येणारा ‘तडतड’ दोष वेगळा. हायहॅट दर वेळी १०० च्याच जोराने आला तर दर वेळी तेच मुद्रण वाजतं, आणि खऱ्या झांजेचे दोन आघात कधीच तंतोतंत एकसारखे नसतात. चांगल्या लायब्ररीत एकाच आघाताची चार-पाच मुद्रणं आळीपाळीने वाजतात. ती सोय नसेल तर जोर हलता ठेवावा, पण सरसकट यादृच्छिक नको. बारमधल्या ठाशीव जागा ९५ च्या आसपास, मधल्या ६० ते ७० मध्ये, असा काही आकार हवा. नुसत्या फाशांनी आलेली अनियमितता माणसासारखी वाजत नाही, अडखळल्यासारखी वाजते.

ऑडिओ तुकड्यांचे सांधे कमी, पण एकेक सांधा जोखमीचा. पीजी म्युझिकचं बँड-इन-अ-बॉक्स १९९० मध्ये आलं तेव्हा निव्वळ मिडीवर चालायचं. पुढे त्यात रिअलट्रॅक्स या नावाने माणसांनी वाजवलेले तुकडे आले. अशा सॉफ्टवेअरकडे ठरावीक लयीत, ठरावीक पट्ट्यांत वाजवून घेतलेला साठा असतो. आपण टाइप केलेल्या कॉर्डच्या रांगेला जुळेल असा तुकडा ते शोधतं, लागलं तर थोडा वर-खाली सरकवतं आणि काही मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने, म्हणजे एक आवाज उतरवत दुसरा चढवत, पुढच्याला चिकटवतं. साध्या मेजर-मायनर कॉर्डवर हे बेमालूम होतं. कॉर्ड जितकी अवघड, तितका साठ्यात जुळणारा तुकडा मिळायची शक्यता कमी; मग सॉफ्टवेअर अवघड कॉर्ड सोपी करून वाजवतं. पडद्यावर सी सेव्हन शार्प इलेव्हन दिसत असतं आणि गिटार साधी सी सेव्हन वाजवत असते. मिडीला हा त्रास नाही, लागेल तो सूर घालता येतो. म्हणून अवघड कॉर्डचा रंग मिडी पियानोकडे द्यावा आणि ऑडिओ गिटारला साध्या कॉर्डवर ठेवावं. दोन्ही एकमेकांना छेदत नाहीत.

सांधा ऐकू येतो तो विशेषतः दोन ठिकाणी. एक, कॉर्ड समेच्या अर्धा ठोका आधी येते तिथे: तुकडे बहुधा बारच्या किंवा ठोक्याच्या रेघेवर कापलेले असतात, त्यामुळे आगाऊ आलेली कॉर्ड एकतर उशिरा लागते नाहीतर आधीचा सूर मधेच छाटला जातो. दोन, सगळे वादक एकदम थांबतात तिथे. बँड-इन-अ-बॉक्समध्ये कॉर्डच्या नावापुढे एक टिंब दिलं की विश्रांती, दोन दिली की तुटक ठोका, तीन दिली की धरून ठेवलेली कॉर्ड. मिडी ट्रॅक हे निमूट पाळतो, कारण सूर कधी सोडायचा तो निरोप त्याच्या हातात आहे. ऑडिओ ट्रॅकजवळ धरून ठेवलेल्या कॉर्डचं वेगळं मुद्रण असेल तरच ती खरी वाटते. नसेल तर चालू वादनाचा आवाज मध्येच खाली ओढला जातो, मुद्रणातला खोलीचा घुमारा अर्ध्यात कापला जातो, आणि कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं वाटतं. त्या ट्रॅकवर थोडा वेगळा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) घातला की छाटलेली कड झाकली जाते.

गाण्याची पट्टी बदलणं हे साथीचं सगळ्यात नेहमीचं काम. गाणाऱ्याला पांढरी एक जड जाते, काळी दोन हवी. म्हणजे तीन सेमीटोन (लगतच्या दोन सुरांमधली अंतरं) वर. मिडीत प्रत्येक सुरात ३ मिळवायचे, झालं. फक्त दहावा चॅनल सोडून. जनरल मिडीत दहाव्या चॅनलवर आकडे सूर नसतात, वाद्यं असतात: ३६ बास ड्रम, ३८ स्नेअर, ४२ बंद हायहॅट. त्यांतही ३ मिळवले की ३९, ४१, ४५ होतात. बास ड्रमच्या जागी टाळी वाजते, स्नेअर आणि हायहॅटच्या जागी टॉमटॉम घुमायला लागतात. पट्टी बदलल्यावर ठेका चित्रविचित्र झाला तर ड्रमच्या नावाने ओरडण्याआधी हे बघावं. खाली उतरताना बासकडे लक्ष हवं. चार तारांच्या बास गिटारचा सर्वांत खालचा सूर २८. तीन उतरलं की २५. सिंथ तो बिनदिक्कत वाजवतो, पण चार तारांच्या गिटारवर तो सापडत नाही, आणि साध्या स्पीकरवर तो सूर ऐकूही येत नाही. तेवढेच सूर एक सप्तक वर उचलावेत.

ऑडिओला पट्टी बदलायला सांगितलं की तो वाद्यासकट वर चढतो. गिटारच्या पोकळीचा स्वतःचा घुमारा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. माणूस कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तीन पट्ट्या वर गेला तर तारांचे सूर चढतात, पोकळी तिथेच राहते. सॉफ्टवेअरने मुद्रण तीन सेमीटोन चढवलं की पोकळीही १९ टक्क्यांनी चढते, आणि ऐकणाऱ्याला गिटार लहान झाल्यासारखी वाटते. पोकळीचा रंग जागेवर ठेवणारी तंत्रं आहेत, त्यांचे स्वतःचे डाग आहेत. माझं मत असं की एक सेमीटोन बिनधास्त, दोन चालतील, तीनला ऐकून ठरवावं, चार चढवण्यापेक्षा दुसरा तुकडा शोधावा. स्वस्त मिडी लायब्रऱ्याही आतून हेच करतात बरं का: दर तीन-चार सुरांमागे एकच मुद्रण, मधले सूर ओढूनताणून. पियानोवर एकेक पट्टी चढत गेलं की एका जागी रंग अचानक बदलतो, तिथे त्यांचं बिंग फुटतं.

एका बाबतीत मात्र ऑडिओ सोयीचा. साथीला बसलेलं खरं वाद्य ४४० ऐवजी ४४५ हर्ट्झला मिळवलेलं असेल, म्हणजे वीस सेंट (सेमीटोनचे शंभरांश) चढं, तर मिडीत प्रत्येक सिंथला वेगळं सांगावं लागतं आणि एखादा ऐकतच नाही. ऑडिओचा अख्खा मिक्स १.१ टक्क्याने जलद वाजवला की काम झालं. चार मिनिटांचं गाणं पावणेतीन सेकंदांनी आखूड होतं, डाग एकही पडत नाही.

लय बदलण्याचं गणित जास्त फसवं आहे. मिडीत लय म्हणजे फाइलमधला एक आकडा, एका ठोक्याला किती मायक्रोसेकंद. १२० च्या लयीला ५,००,०००. तो बदलला की झालं. ऑडिओला ताणावं लागतं, आणि ताणताना आघात पहिले भोगतात: स्नेअरची टोकदार थाप पसरट होते किंवा जुळी वाजते, झांजेला पाण्याखालचा सळसळाट चढतो. याहून खोल खोट अशी, की अल्गोरिदम निर्दोष असला तरी वादन खोटं पडतं. १२० ला सहा हर्ट्झने थरथरणारा सूर १०० ला आणला की पाच हर्ट्झने थरथरतो. माणसाने लय कमी केली म्हणून त्याचा कंप हळू होत नाही. खोलीचा घुमारा लांबतो, म्हणजे खोली मोठी होते. झुलत्या लयीत जॅझचा ड्रमर जलद जाताना झोका कमी करतो, लांब-आखूड ठोके जवळजवळ सारखे करतो. सावकाश वाजवलेला तुकडा ताणून जलद केला तर झोका तेवढाच राहतो आणि वादन उड्या मारल्यासारखं वाटतं. ठेक्याच्या तुकड्यांना मी १५ टक्क्यांपलीकडे ताणणार नाही. गाणं ७० च्या लयीत असेल आणि हातातली शैली १४० ला मुद्रित केलेली असेल तर ताणू नये. लय १४० ठेवावी आणि एका बारची कॉर्ड दोन बारांवर पसरावी.

निरोपांचे रोग वेगळ्या जातीचे. मिक्सरमधला गिटारचा स्लायडर खाली ओढला, प्ले दाबलं, आणि तो आपोआप पुन्हा वर गेला? फाइलच्या सुरुवातीलाच सीसी ७ (सीसी म्हणजे नियंत्रणाचा निरोप) हा आवाजाच्या पातळीचा निरोप लिहिलेला आहे, तो दर वेळी आपलं म्हणणं रेटतो. तो निरोप पुसायचा किंवा त्यातला आकडा बदलायचा. गाण्यातली चढ-उतार सीसी ११ वर ठेवायची. गाणं मधूनच सुरू केल्यावर बासरीच्या जागी पियानो वाजला तर वाद्य निवडण्याचा निरोप पहिल्या बारमध्ये मागे राहिला. सूर अडकून भोंगा सुरू झाला तर सोडण्याचा निरोप हरवला. सीसी १२३ हा सगळे सूर सोडण्याचा संदेश आहे, पण पेडलचा सीसी ६४ दाबलेला राहिला असेल तर तोही उपयोगी पडत नाही, आधी पेडल ० करावं लागतं. ‘पॅनिक’ नावाचं बटण सहसा हे सगळं एका दमात करतं.

मींड हा मिडीचा सगळ्यात विनोदी अपघात. सूर वाकवण्याच्या निरोपात १६,३८४ पायऱ्या असतात, पण त्या मिळून किती अंतर कापतात ते वेगळं ठरवावं लागतं. न ठरवल्यास वर दोन सेमीटोन, खाली दोन. बारा सेमीटोन धरून लिहिलेली सा ते प अशी मींड दोनवर अडलेल्या सिंथला दिली तर ती सात सेमीटोन चढण्याऐवजी जेमतेम सव्वा चढते. पंचमाला निघालेली सतार कोमल रिषभाच्या जरा पुढे जाऊन उभी राहते. शिवाय हा निरोप अख्ख्या चॅनलला लागू होतो, म्हणून कॉर्डमधली एकच तार वाकवायची असेल तर प्रत्येक तारेला वेगळा चॅनल द्यावा लागतो.

मिडी आणि ऑडिओ एकत्र वाजवताना ड्रम आणि पियानो एकमेकांच्या पायात पाय घालत असतील, तर दोघे वेगवेगळ्या वाटेने स्पीकरपर्यंत येत आहेत. विंडोजचा तो जुना सिंथ चांगलाच रेंगाळतो. सिंथ प्लगइन म्हणून सॉफ्टवेअरच्या आतच वाजवला की दोन्ही एकाच वाटेने येतात. तसं जमत नसेल तर दोघांकडून प्रत्येक ठोक्याला एकेक टकटक वाजवून मुद्रित करावी, लहरींमधलं अंतर मोजावं आणि तेवढं सेटिंगमध्ये भरावं. ४४,१०० च्या दराने ८८२ नमुन्यांचं (म्हणजे दाबाच्या मोजमापांचं) अंतर म्हणजे २० मिलिसेकंद. ब्लूटूथ हेडफोनला दोष देण्यात अर्थ नाही, तो सगळ्यांनाच सारखा उशीर करतो. स्वतः कीबोर्ड वाजवायला बसलात तर मात्र तो आधी काढा.

दुसऱ्याला देण्यासाठी गाणं तयार करताना ऑडिओ ट्रॅक गोठवून घ्यावा, कारण तुकडे निवडणारं सॉफ्टवेअर पुन्हा प्ले दाबल्यावर वेगळे तुकडे निवडू शकतं आणि काल आवडलेली गिटार आज नसते. मग प्रत्येक ट्रॅक वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढायचा: सगळ्या एकाच क्षणी सुरू होणाऱ्या, सारख्याच लांबीच्या, चोवीस बिटच्या. लूप द्यायचा असेल तर एमपी३ नको. एन्कोडर सुरुवातीला मूकपणा भरतो, तो पंचवीस मिलिसेकंदांच्या घरात जातो, आणि दर फेरीला ठेका लंगडतो. नमुन्यांचा दरही सांगून द्यावा. ४४,१०० ची फाइल कुणी ४८,००० समजून वाजवली तर गाणं नऊ टक्के जलद आणि जवळजवळ दीड सेमीटोन चढं होतं, आणि गाणारा स्वतःच्या गळ्यावर संशय घेत बसतो.

सोबत मिडी फाइलही द्यावी, त्यात निदान लय, बार आणि कॉर्डचे सूर असतात. पुढच्या माणसाला पियानो बदलायचा असेल तर तेवढं पुरतं. शेवटच्या कॉर्डनंतर दोन रिकामे बार टाकायला विसरू नये. सॉफ्टवेअर बारच्या रेघेवर फाइल बंद करतं, आणि झांजेची विरण अजून पाच-सहा सेकंद बाकी असते.